हँडलची वही

वहिनींनी अठ्ठावीस वर्षं एका कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली. बाकीच्यांनी बनवायचं आणि यांनी मोजायचं. बनवणारा कितीही छाती ठोकून म्हणो, "बाई, डोळे मिटून घ्या, चोख आहे," वहिनी डोळे उघडे ठेवून कॅलिपर लावायच्या आणि गरज पडली की पीस मुकाट्यानं लाल डब्यात टाकायच्या. त्यामुळे कारखान्यात त्यांना मान होता, पण जेवायला शेजारी बसायला कोणी येत नसे.

नवरा नेमका बनवणाऱ्यांतला. गल्ली त्याला मिस्त्री म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं हातानं चालवायचं मिलिंग मशीन होतं. फिरतं हत्यार वर, लोखंड पकडलेलं टेबल खाली. हँडल फिरवलं की टेबल सरकणार आणि लोखंड कोरलं जाणार. मशीन घेतलं तेव्हाच दुसऱ्याच्या हातून उतरलेलं होतं. पण मिस्त्रींनी त्याला असं काही वळण लावलं की ते त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकेना.

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात वहिनींनी सवयीनं त्यांच्या एका पिसाला कॅलिपर लावला होता आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं होतं, "अहो, हा मिलिमीटरच्या आठ शतांशानं मोठा आहे." मिस्त्री आठ दिवस बोलले नाहीत. म्हणजे एका शतांशाला एक दिवस, असा हिशोब मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, मांडला होता. आक्का याच घरात राहते. शाळेत मुलांना शिकवून निवृत्त झाली, पण चुका काढायचं काम सोडलेलं नाही. तेव्हापासून घरात एक अलिखित करार झाला: कारखान्यात वहिनींनी हवं ते मोजावं, घरात मिस्त्रींच्या पिसाला कॅलिपर लावायचा नाही. सव्वीस वर्षं तो करार टिकला. आमच्याकडे बांधावरून झालेले करारसुद्धा एवढे टिकत नाहीत.

मग मिस्त्रींचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, "हँडल बंद. नाहीतर घासही डाव्या हातानं खावा लागेल." वहिनींची नोकरी त्याच वर्षी संपली. घर चालत होतं ते एकाच कामावर: बूट शिवायच्या मशीनचा दाता. ही बोटाएवढी पोलादी पट्टी असते, अंगावर करवतीसारखे दात. सुई वर गेली की ही पट्टी चामड्याला पुढं ढकलते. शहराच्या कडेला बुटांचा मोठा कारखाना होता. तिथले दाते वीस वर्षं मिस्त्रींकडून जात होते आणि त्यातला एकही परत आलेला नव्हता.

कारखान्याचा फोरमन घरी येऊन सरळ बोलला. "माझ्याकडे तीन महिन्यांचा माल आहे. तोवर तुमच्याकडून आला तर उत्तम. नाही आला तर बाहेरून मागवणार. आणि एकदा बाहेर गेलेलं काम परत येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको."

तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "सीएनसी घेऊ. घरातल्या विजेवर चालणारी छोटी मिळते. आकडे सांगितले की टेबल आपोआप सरकतं."

"आकडे सांगून लोखंड ऐकतं होय?" मिस्त्री म्हणाले. "लोखंड काय तुझा नवरा आहे?"

"नवरा तरी कुठं ऐकतो? लोखंडाला विचारून बघते."

नोकरी सुटताना मिळालेले पैसे त्यांनी मशीनला लावायचे ठरवले. आक्का म्हणाली, "अगं, म्हातारपणाची काठी विकून घोडा घेतेस." वहिनी म्हणाल्या, "आक्का, काठी टेकत बसायला अजून वेळ आहे."

दुकानात त्या गेल्या त्या पिशवीत पोलादाचा चौकोनी ठोकळा आणि काटकोन तपासायचा डायल घेऊन. विक्रेत्यानं खुर्ची दिली, थंड पेय मागवलं, पडद्यावर मशीनची चित्रं लावली. वहिनींनी पेय बाजूला सारलं. "चित्रं सुंदर आहेत. आता हा ठोकळा बांधा आणि चारही बाजू कापून द्या."

"मॅडम, सहसा आम्ही असं..."

"पोरगी बघायला गेलो तरी चार प्रश्न विचारतो. ही तर आयुष्यभर बोलणारही नाही. आत्ताच बघून घेते."

पहिल्या मशीनवर ठोकळा एका कोपऱ्याला चार शतांश तिरका निघाला. दुसऱ्यावर तसाच. विक्रेता म्हणाला, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. वहिनी म्हणाल्या, डोळ्यानं बघायचं असतं तर मी टीव्ही घेतला असता. तिसऱ्या दुकानातल्या तिसऱ्या मशीनवर ठोकळा काटकोनाला काटकोन निघाला. वहिनींनी तिचा नंबर हातावर लिहून घेतला. "हीच. हिच्यासारखी नाही, हीच."

मशीन साडेसहाशे किलोचं आणि घराचं दार नव्वद सेंटीमीटरचं. वहिनींनी चौकट आधीच काढून ठेवली होती. पुढच्या खोलीतल्या फरशीवर चावीनं ठोकून पाहिलं तर तीन फरश्या पोकळ वाजल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या सगळ्याच फरश्या उखडल्या, वीतभर खोल खणलं, सळई घातली आणि काँक्रीटचा ओटा ओतून घेतला. एकवीस दिवस त्याला पाणी पाजायचं काम आक्कानं घेतलं. सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन जायची आणि म्हणायची, "बघू, काय उगवतंय."

जुनं मशीन मागच्या अंगणात पत्र्याखाली नेलं. वायरी काढल्या. अंगणात जाणाऱ्या वाटेत त्याचं टेबल आडवं येत होतं, त्यामुळे कपडे वाळत घालायला जाताना प्रत्येकाला पोट आत घ्यावं लागे.

नवं मशीन पाइपांवरून लोटत आत आलं. कंपनीचा तंत्रज्ञ टकला, अबोल आणि हात पुसायला स्वतःचं फडकं आणणारा. वहिनींना तो पाहताक्षणी पटला. त्यानं चारही पायांखालचे बोल्ट फिरवत पाणसळ लावली. वहिनींनी स्वतःची पाणसळ लावून पाहिली. तंत्रज्ञानं हत्यार धरणारा स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे का ते डायल फिरवून दाखवलं. वहिनींनी डायल उलटा फिरवून पाहिला. दुपारी तो म्हणाला, "बाई, तुम्ही असताना मला कशाला बोलावलंत?"

"दोघांची बेरीज एक आली म्हणजे झोप लागते," वहिनी म्हणाल्या.

मशीन शिकायला त्यांना पाच आठवडे लागले. दोन हत्यारं मोडली. एकदा शून्य चुकीच्या कोपऱ्यावर धरलं आणि हत्यार पीस पकडणाऱ्या वाइसमध्येच घुसलं. तो व्रण अजून आहे. पण वहिनी रडणाऱ्यांतल्या नव्हत्या आणि चूक झाकणाऱ्यांतल्या तर नव्हत्याच. काय चुकलं ते भिंतीवर खडूनं लिहून ठेवायच्या. सहाव्या आठवड्यात भिंत भरली आणि मशीन ऐकायला लागलं.

मग त्यांनी मिस्त्रींकडे वही मागितली.

निळ्या पुठ्ठ्याची, तेलानं पारदर्शक झालेली वही. चौसष्ट पानं, प्रत्येक पानावर एक पीस. वीस वर्षांत कोणते पीस केले, कुठं भोक, कुठं खाच, सगळं मिस्त्रींच्या ठसठशीत अक्षरात. नमुन्याचा पीस त्यांनी कधी ठेवला नाही. विचारलं की म्हणायचे, "नमुना वहीत आहे." त्यांनी वही दिली, पण हातात नाही, टेबलावर ठेवली.

वहिनींनी पान चार उघडलं. दोन भोकांमधलं अंतर: बावीस पंधरा. म्हणजे बावीस मिलिमीटर आणि वर पंधरा शतांश. आकडे मशीनला दिले. दाता निघाला. कॅलिपर लावला: बावीस पंधरा. दातांमधलं अंतर वहीबरहुकूम, जाडी वहीबरहुकूम. असे पाच दाते करून सोमवारी सकाळी त्या बुटांच्या कारखान्यात गेल्या.

फोरमननं एक दाता शिलाई मशीनवर ठेवला, एक स्क्रू लावला, दुसरा लावायला गेला. स्क्रू आत जाईना. दुसरा दाता घेतला. तेच. पाचही तसेच.

"वहिनी," फोरमन म्हणाला, "वीस वर्षांत असं झालं नव्हतं."

"मशीन चोख आहे. वहीत आहे तेच कापलंय."

"मला वही शिवायची नाही, बूट शिवायचेत." त्यानं पाचही दाते परत त्यांच्या हातावर ठेवले. "शुक्रवार. तीन जातींचे मिळून वीस आणा. बसले तर वर्षाचं काम तुमचं. नाहीतर मी बाहेर कळवून टाकतो. माझाही नाइलाज आहे."

"मिस्त्रींच्या हातचा एखादा जुना आहे का?"

फोरमननं खण उचकून एक दाता काढला. बाकीच्या दोन जातींचा एकही नव्हता. झिजले की भंगारात जात. हाही झिजलेला. दात असे गुळगुळीत की जुन्या वहाणेची टाच बरी. पण भोकं शाबूत होती. वहिनींनी पिशवीतून कॅलिपर काढला. हात भोकाजवळ नेला आणि थांबल्या. सव्वीस वर्षं पाळलेलं होतं. मग म्हणाल्या, "असू दे," आणि लावला.

बावीस. वर शून्य शून्य.

पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. म्हणजे वहीत बावीस पंधरा आणि पिसात बावीस. वहिनींनी आयुष्यभर चुकीचे पीस पाहिले होते, पण बरोबर पिसाची चुकीची वही पहिल्यांदाच पाहत होत्या.

घरी पोचल्या तर दारात टेम्पो उभा. भंगारवाला आणि त्याची दोन माणसं जुन्या मशीनला दोर बांधत होती. मिस्त्री पाठ करून अंगणात उभे.

"हे काय?"

"मीच बोलावलंय," मिस्त्री म्हणाले. "नवी आली ना घरात? मग जुनीची अडगळ कशाला? रोज पोटं आत घेताय सगळे."

"सोडा दोर," वहिनी भंगारवाल्याला म्हणाल्या.

"वहिनी, बोलणी झालीत. माणसं आणलीत मी."

"माणसांना चहा देते. मशीन देत नाही."

भंगारवाल्यानं मिस्त्रींकडे पाहिलं, मिस्त्रींनी आक्काकडे, आक्कानं वहिनींच्या चेहऱ्याकडे. आक्का म्हणाली, "बाबा रे, चहाच घे. आज याहून जास्त काही निघणार नाही या घरातून."

टेम्पो रिकामा गेला. वहिनींनी जुना दाता मिस्त्रींपुढं ठेवला. त्यांनी तो लांबूनच ओळखला.

"माझा आहे."

"हो."

"मोजलास?"

"मोजला."

"मग? किती शतांशानं चुकलोय?"

"शून्य. बावीसला बावीस. मी अठ्ठावीस वर्षांत असे फार थोडे पाहिले." वहिनींनी वही उघडली. "पण इथं तुम्ही बावीस पंधरा लिहिलंय. पीस आणि वही, दोघांतलं एक चुकतंय. मी पिसाच्या बाजूची आहे."

आक्कानं पटकन चष्मा लावला. मिस्त्रींनी वही जवळ ओढून पान बघितलं. रागावायला आले होते, पण राग धरायला जागाच सापडेना.

"बावीस पंधराच आहे तो," ते म्हणाले. "मी वीस वर्षं बावीस पंधराच फिरवतोय."

"काय फिरवताय?"

"हँडल. हँडलच्या चकतीवर बावीस पंधरा आलं की थांबायचं. पहिल्या वेळेला चार पीस वाया घालवले होते. पाचवा बसला. तो बसला तेव्हा चकतीवर जो आकडा होता तो लिहिला. दुसरं काय लिहिणार?"

वहिनी उठून अंगणात गेल्या. जुन्या मशीनला वीज नव्हती, पण हँडलला वीज कुठं लागते? त्यांनी लांब कॅलिपरचा एक जबडा मशीनच्या अंगाला बांधला, दुसरा टेबलाला, आणि हँडल फिरवलं. चकतीवर बावीस पंधरा. टेबल सरकलं होतं बावीस आणि सहा शतांश. पुन्हा फिरवलं. आता बावीस नऊ. पुन्हा. बावीस तीन.

"तुझ्यानं नाही होणार," मिस्त्री मागून म्हणाले. "सरक."

त्यांनी उजवा हात हँडलवर ठेवला. एक अख्खा फेरा मागं गेले, मग सावकाश पुढं आले, आणि आकड्याच्या किंचित अलीकडे थांबून तळहाताच्या बुडानं हँडलला हलकी टपली मारली.

बावीस शून्य.

"परत," वहिनी म्हणाल्या.

मागं, पुढं, टपली. बावीस शून्य. तिसऱ्यांदाही तेच.

सरळ होतं सगळं. टेबल ज्या आट्यांच्या दांड्यावर सरकतं तो दांडा आधीच्या मालकाकडेच मधोमध झिजलेला. चकती सांगायची एक आणि टेबल जायचं दुसरीकडे. वाइस वीस वर्षं एकाच जागी बांधलेला, म्हणून चूकही दर वेळी तेवढीच. मिस्त्रींच्या हातानं ती पहिल्याच आठवड्यात ओळखली आणि पोटात घातली. डोक्याला कळवायची गरजच पडली नाही. वहीत पिसाची मापं नव्हतीच. हँडल किती फिरवायचं ते होतं. आणि मोजणारी बाई शेजारच्या खोलीत असून तिला मोजायची बंदी होती.

"म्हणजे सगळीकडे पंधरा वजा केले की झालं?" आक्कानं विचारलं.

वहिनींनी पुढच्या ओळीचा आकडा फिरवायला सांगितला. तिथं फरक चार शतांशाचा निघाला. त्याच्या पुढच्या ओळीत अकराचा. दांडा काही ठरवून झिजलेला नव्हता.

"नाही होत," वहिनी म्हणाल्या. "एकेक आकडा फिरवून बघावा लागेल. आणि तो यांच्याच हातानं."

"डॉक्टरनं काय सांगितलंय?" आक्का म्हणाली.

"दिवसभर फिरवू नका म्हणाला," मिस्त्री म्हणाले.

"बंद, म्हणाला. मी होते तिथं."

"आक्का, तू वही वाच. डॉक्टरचं मला पाठ आहे."

तीन जातींचे दाते, तीन पानं, एकशे अठरा आकडे. मंगळवारी सकाळी पत्र्याखाली तिघं बसली. आक्का शाळेत शुद्धलेखन घालावं तशी खणखणीत वाचायची: "सात बेचाळीस!" मिस्त्री मागं जायचे, पुढं यायचे, टपली मारायचे. वहिनी कॅलिपर बघून नव्या वहीत लिहायच्या: सात छत्तीस. दहा आकडे झाले की थांबायचं, खांद्याला शेक, मग पुढचे दहा. चाळिसाव्या आकड्याला मिस्त्रींच्या कपाळावर घाम आला.

"दमलात?" वहिनींनी विचारलं.

"तू लिहून दमलीस का?"

"नाही."

"मग विचारू नकोस."

पंचावन्नाव्या आकड्याला हात हँडलवरून निसटला आणि आकडा तीन शतांशानं चुकला. मिस्त्रींना तो कॅलिपर न बघताच कळला. "खोड तो," म्हणाले. वहिनींनी पेन खाली ठेवलं. "आज एवढंच." मिस्त्रींनी वाद घातला नाही, यावरून खांदा किती दुखत असेल ते दोघींना कळलं.

बुधवारी दुपारी एकशे अठरावा आकडा झाला. वहिनींनी लगेच पान चार मशीनला नव्यानं दिलं. पहिला दाता निघाला. त्यांनी तो पुसून कॅलिपरसकट नवऱ्यापुढं धरला. "मोजा."

"मी?"

"मी कापलाय. माझा पीस मी कसा मोजू? कारखान्यात चालत नाही तसं."

मिस्त्रींनी कॅलिपर डाव्या हातात धरला, लावला, आकडा बघितला, मग दात नखानं चाचपले. "या कडेला चरचर आहे. हत्यार जोरात पळवतेस. पोलाद आहे, लोणी नाही." वहिनींनी वेग कमी केला. दुसऱ्या दात्याला चरचर नव्हती. गुरुवारी संध्याकाळपर्यंत एकवीस दाते झाले. एक मिस्त्रींनी बाजूला काढला. वहिनींना त्यात काही चूक दिसेना. मिस्त्री म्हणाले, तिसरा दात उजवीकडे झुकलाय. डायल लावला तर दोन शतांश झुकलेला होता. वहिनींनी तो लाल डब्यात टाकला. असा डबा त्यांनी घरातही ठेवला होता, पहिल्या दिवसापासून.

शुक्रवारी दोघं कारखान्यात गेली. फोरमननं पहिला दाता ठेवला, एक स्क्रू लावला, दुसरा बोटांनीच फिरवला. गेला. चामड्याचा तुकडा घालून शिवला, टाके जवळ धरून पाहिले. मग दुसऱ्या जातीचा, मग तिसऱ्या. वीसच्या वीस बसवूनच तो उठला. मिस्त्री सगळा वेळ त्याच्या हाताकडे नाही, सुईखालच्या चामड्याकडे बघत होते.

"वर्षाचं काम लिहून देतो," फोरमन म्हणाला. "महिन्याला शंभर. शिवाय चामड्यावरच्या दाब पट्ट्या आणि सुईखालच्या प्लेटी, त्याही मिस्त्रीच करायचे पूर्वी. त्या जमतील?"

"वहीत आहेत," मिस्त्री म्हणाले.

"तुमच्या वहीत आहेत," वहिनी म्हणाल्या, "माझ्या वहीत अजून नाहीत. दाब पट्ट्या पुढच्या महिन्यात. प्लेटी त्याच्या पुढच्या. त्याआधी नाही."

"बाहेरचे लोक पंधरा दिवसांत देतात."

"देत असतील. बसतील का, ते त्यांना विचारा."

फोरमन हसला आणि दोन महिने असं लिहून त्यानं सही केली.

शनिवारी सकाळी पुढच्या खोलीत नवं मशीन महिन्याचा पहिला दाता कापत होतं. मागं पत्र्याखाली मिस्त्री तेलाचा पोचारा घेऊन जुन्या मशीनच्या दांड्यावरचा जुना वंगणाचा थर काढत होते. वहिनी नवी वही घेऊन स्टुलावर बसल्या.

"एकसष्ट पानं राहिलीत," त्या म्हणाल्या. "दिवसाला वीसच आकडे. एकविसावा मी लिहून घेणार नाही, आत्ताच सांगते."

"पंचवीस."

"वीस."

"अरे, हिनं कारखान्यात कुणाचं ऐकलं नाही, तुझं काय ऐकणार?" आक्का खुर्ची ओढत म्हणाली. तिनं जुन्या वहीचं पान उलटलं. "पान पाच. दाब पट्टी. पहिलीच ओळ, एकतीस नव्वद."

मिस्त्रींनी पोचारा खाली ठेवला, हात पँटला पुसला आणि हँडल एक फेरा मागं घेतलं.